मैनेची गणपूर्ती

पंजाबरावांनी मंडळाची घंटा घरी नेली, इथपर्यंत त्यांचं काहीएक चुकलं नव्हतं. घंटा अध्यक्षाने सांभाळावी असं नियमातच होतं, आणि शाळेच्या पडवीत टांगून ठेवली असती तर पोरांनी ती दुपारीच बडवून शाळा सोडली असती. घरी आणल्यावर ती कुठे ठेवायची, एवढाच प्रश्न होता. घरात जागा नव्हती. (जागा होती. बायको तुळसाबाई नाही म्हणाल्या, म्हणून नव्हती.) तेव्हा त्यांनी ती गोठ्यात, मैना म्हशीच्या गव्हाणीवरच्या खुंटीला अडकवली. पुढे ढाणकीत जे काही झालं त्याला ती खुंटी जबाबदार, असं पंजाबराव अजून म्हणतात.

आता हे मंडळ कसलं, ते सांगायला हवं. यवतमाळच्या जिल्हा सेवा संघाने ठिकठिकाणी शाखा काढल्या, तशी महाराष्ट्र राज्य झाल्याच्या दुसऱ्या वर्षी ढाणकीतही एक निघाली. नाव 'नागरिक सेवा मंडळ'. उन्हाळ्यात बाजाराच्या दिवशी पाणपोई, शाळेतल्या गरीब मुलांना पाट्या, नाल्याची सफाई, अशी कामं मंडळ खरोखर मनापासून करी. नाल्याच्या सफाईला उमरखेडहून फोटोवाला बोलावला होता. तो पोचेपर्यंत नाला साफ होऊन गेला. मग सभासदांनी टोपल्याटोपल्यांनी कचरा परत आणून टाकला आणि फोटोपुरता तो नाला पुन्हा एकदा साफ केला. इतकी सेवेची हौस दुसऱ्या शाखांत नसावी.

अध्यक्ष निवडायची मंडळाची पद्धतही सोपी होती. जो सभेला आला नसेल त्याला करायचं. हजर माणूस नको नको म्हणतो, बायकोचं दुखणं सांगतो; गैरहजर माणूस काही बोलत नाही. पंजाबराव त्या संध्याकाळी मैनेसाठी सरकी आणि ढेप आणायला गेले होते. डोक्यावर पोतं घेऊन परत येताना समोरून श्रावण मास्तर हार घेऊन आले.

"अभिनंदन, अध्यक्ष," मास्तर म्हणाले.

"कोणाचं?"

"तुमचंच. एकमतानं निवडून आले तुमी."

"पण मी तं सरकी आणाले गेलतो."

"म्हणूनच तं."

श्रावण मास्तर मंडळाचे सचिव. नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेऊन आले, तेव्हापासून त्यांनी उशीर करणं आणि नशिबाला बोल लावणं ही दोन्ही व्यसनं सोडली होती. मंडळाचे नियम त्यांना तोंडपाठ होते, आणि दुसऱ्या कोणाला ते माहीत नसल्यामुळे मास्तर म्हणतील तो नियम. त्यांनी तिथेच, पोत्यावरून, पंजाबरावांच्या गळ्यात हार घातला. पंजाबराव वरवर कुरकुरले, पण आतून त्यांना गुदगुल्या झाल्या. जिनिंगमध्ये ते कारकून होते आणि घरी ते जवळजवळ कोणीच नव्हते. कुठेतरी अध्यक्ष असणं बरं वाटलं.

अध्यक्ष झाल्यावर त्यांना मंडळाचं खरं दुखणं कळलं. कामाला माणसं येत. सभेला येत नसत. सभेची वेळ झाली की जो तो आपल्या दारातून शाळेकडे बघे. पडवीत कोणी दिसलं नाही की म्हणे, अजून कोणी आलं नाही, आणि चहाला बसे. अशा रीतीने सगळे सभासद एकमेकांची वाट बघत आपापल्या घरी बसत, आणि पडवीत पंजाबराव आणि मास्तर एकमेकांकडे बघत बसत. मंडळात सभासद एकवीस. गणपूर्तीला अकरा लागत. गणपूर्ती हा शब्द सगळ्यांना आवडायचा, पण झालेली कोणी पाहिली नव्हती.

यावर उपाय काढला लखीराम नाईकांनी. ते तांड्यावरून सायकलीने येत आणि गप्पांना कधी नाही म्हणत नसत. शेतीवाडी चांगली होती, हसणं गडगडाटी होतं. एके दिवशी त्यांनी धोतराच्या सोग्यात बांधून एक भलीमोठी पितळी घंटा आणली आणि टेबलावर ठेवली.

"माह्या आजाची हाय," ते म्हणाले. "आमच्या लदेणीत म्होरक्या बैलाच्या गळ्यात होती. मीठ, धान्य, सगळं बैलाच्या पाठीवर. पुढं ही घंटा. ढोरं घंटेच्या मांगं अन् माणसं ढोराच्या मांगं. आख्खा तांडा असाच चाले. आता लदेणी नाही अन् काही नाही. मंडळाले घ्या."

सगळ्यांना (म्हणजे पंजाबरावांना आणि मास्तरांना) ती फार आवडली. आता घंटा वाजली की सभासदांनी निघायचं, असं ठरलं. पुढच्या सभेला पंजाबरावांनी ती अशी बडवली, की देवळावरची कबुतरं उडाली. सभासद मात्र एकही हलला नाही. दुसऱ्या दिवशी चौकशी केली तेव्हा कळलं, सगळ्यांना वाटलं ही पहिली घंटा. नाटक असो की दंडार, तिसऱ्या घंटेशिवाय पडदा उघडत नाही हे ढाणकीतल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. सगळे तिसरीची वाट बघत बसले होते.

"मंग तीनदा वाजवा ना," वच्छलाबाई म्हणाल्या. त्या पंजाबरावांच्या शेजारी राहत आणि मंडळात एकट्याच बाई सभासद होत्या.

"तीनदा वाजवली तं तुमी याल?"

"मी तं एकदा वाजवली तरी येतो. पण बाकीचे आले का पाहून मंग येतो."

हे असंच चाललं असतं आणि कोणाचं काही बिघडलंही नसतं. पण त्या हिवाळ्याच्या तोंडी यवतमाळहून निरोप आला. संघ एक मोतीबिंदूचं शिबीर भरवणार होता. नागपूरचे डॉक्टर येणार, शाळेत खाटा टाकून डोळ्यांची ऑपरेशनं होणार. शिबीर एकाच शाखेला मिळायचं होतं. एक तर ढाणकीला, नाहीतर मुकुटबनला. संघाचे निरीक्षक स्वतः येऊन सभा बघणार होते. सभा भरली तर शाखा जिवंत, नाही भरली तर मेलेल्या शाखेच्या हवाली आजारी माणसं करता येत नाहीत, असं त्यांनी कळवलं होतं.

हे ऐकून पंजाबराव तडक घरी निघाले, कारण त्यांच्या घरात मथुराबाई होत्या.

मथुराबाई म्हणजे तुळसाबाईंची आई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. लेकीकडे राहायला आल्यापासून त्या ओट्यावर बसून हाताच्या अंदाजाने वाती वळत, पावलांवरून माणसं ओळखत आणि गल्लीतल्या प्रत्येक भांडणात योग्य जागी एक वाक्य टाकत. उजेड-अंधार आणि काळं-पांढरं तेवढं कळे. जावई कसा दिसतो हे त्यांना लग्नातलं आठवत होतं. (तेव्हा पंजाबरावांच्या डोक्यावर केस होते.) नागपूरच्या दवाखान्याचं नाव काढलं की म्हातारी खाटेचा पाय धरून बसायची. पण गावातच डॉक्टर येणार म्हटल्यावर तिने वाती खाली ठेवल्या.

"मले काही लय पाहाचं नाही," त्या म्हणाल्या. "एकदा माह्या तुळशीचं तोंड पाह्यलं का झालं."

म्हातारी हे इतकं साधेपणाने बोलली, की पंजाबरावांना भरून आलं. आणि भरून आलं की ते नेहमी कबूल करू नये ते कबूल करतात.

"आत्याबाई, शिबीर ढाणकीतच भरीन," ते म्हणाले. "अध्यक्ष कोण हाये शेवटी?"

तुळसाबाई उठून चुलीपुढे गेल्या. नवरा मागून आला तेव्हा बोलल्या. "मायले आशा लावली तुमी. आता नाही झालं, तं माह्याशी बोलू नका." धमकी म्हणून नव्हत्या म्हणत. त्यांचा आवाज जड झाला होता, आणि पंजाबरावांना धमकी परवडली असती.

तेव्हा पंजाबरावांनी कंबर कसली. माणसं गोळा करायचं काम मास्तरांकडे दिलं आणि स्वतःकडे त्याहून अवघड काम घेतलं: भाषण. त्यांनी आयुष्यात भाषण केलं नव्हतं. घरात सराव करावा तर तुळसाबाई ऐकत. गोठ्यात फक्त मैना होती. अध्यक्ष झाल्यापासून संध्याकाळी मैनेला सरकी घालायचं काम त्यांच्याकडे आलंच होतं ("गावाची सेवा करता, घरची पण करा," असा तुळसाबाईंचा ठराव होता). घंटाही तिथेच होती. मग रोज संध्याकाळी जिनिंगमधून आलं की पंजाबराव गोठ्यात उभे राहत, खुंटीवरची घंटा काढून तीनदा वाजवत, गव्हाणीत सरकी ओतत आणि सुरू करत:

"सन्माननीय निरीक्षकसाहेब आणि सेवाव्रती बंधुभगिनींनो..."

मैना फार चांगली श्रोती निघाली. मान खाली घालून शेवटपर्यंत ऐके, मधे उठून जात नसे. पंजाबरावांचा हुरूप वाढला. गायकी, म्हणजे गावचा गुराखी, ढोरं चारून परत आणी, तेव्हा गल्लीतल्या सगळ्या म्हशी त्यांच्या गोठ्यावरूनच जात. मैना घंटा ऐकून आत वळली की तिच्या मागची एखादी म्हैसही दारातून तोंड घाली. पंजाबरावांना वाटलं, बरं आहे, गर्दीपुढे बोलायची सवय होईल. त्यांनी तिलाही पसाभर सरकी टाकली. दुसऱ्या दिवशी तिने मैत्रीण आणली. थोड्याच दिवसांत ही गत झाली, की घंटा वाजली रे वाजली की नाल्यावरून अख्खी गल्ली धावत येई आणि गोठ्याच्या आत-बाहेर दाटी करून अध्यक्षांचं भाषण ऐके. इतकी भरलेली सभा मंडळाच्या इतिहासात नव्हती. पंजाबराव हात हलवून बोलू लागले. 'सेवा' या शब्दावर ते आवाज चढवत, तेव्हा एखादी म्हैस कान हलवी, आणि त्यांना तो प्रतिसाद वाटे.

घरात मात्र वेगळीच पंचाईत चालली होती.

"सरकीचं पोतं बुडाले लागलं," तुळसाबाई म्हणाल्या. "मैना दूध तं तेवढंच देते. सरकी जाऊन कुठी राह्यली?"

"आजकाल लय खाते ते," पंजाबराव म्हणाले.

"लय खाते अन् अंगी लागत नाही? पोटात जंत झाले असतीन."

मैनेला त्या दिवसापासून ओवा-हिंगाचा काढा सुरू झाला. तिने पहिल्या दिवशी पंजाबरावांकडे असं पाहिलं, की त्यांनी त्या संध्याकाळी भाषण आवरतं घेतलं. वर वच्छलाबाई कुंपणावरून सांगू लागल्या, "काय सांगू व तुळसाबाई, चारा तोच हाय, पण आमची म्हैस दूध गंज देऊन राह्यली, भांडं पुरत नाही. सगळ्या गल्लीत तसंच हाय. तुमचीच काहून अशी?" तुळसाबाईंना हे फार लागलं. त्यांनी काढ्यात हिंग वाढवला.

तुळसाबाई त्या वेळी विहिरीवर पाण्याला गेलेल्या असत, पण हे सगळं मथुराबाईंना ओट्यावरून ऐकू येत होतं. घंटा, खुरं, भाषण आणि रवंथ. त्यांनी लेकीला एका शब्दाने सांगितलं नाही. जावयाचं भाषण त्यांना आवडू लागलं होतं, आणि निम्मं पाठ झालं होतं.

ठरलेल्या दिवशी निरीक्षकसाहेब बसमधून उतरले. काळा कोट, हातात छत्री, खिशात साखळीचं घड्याळ. पुसदची शेवटची बस त्यांना गाठायची होती, म्हणून सभा संध्याकाळी पाचला ठेवली होती. शाळेच्या पडवीत टेबल, टेबलावर पांढरी चादर, चादरीवर साहेबांसाठी झेंडूचा जाडजूड हार आणि लखीरामांची घंटा. पंजाबराव सकाळी घरोघर फिरून आले होते. प्रत्येकाने "येतो ना बाप्पा" म्हटलं होतं. पाच वाजले तेव्हा पडवीत पंजाबराव, मास्तर आणि लखीराम होते.

साहेबांनी घड्याळ काढलं. "तुमचे सभासद?"

"निघाले असतील," मास्तर म्हणाले. मास्तर खोटं बोलत नसत, म्हणून 'असतील' म्हणाले.

साहेबांनी घड्याळ मिटलं, पुन्हा उघडलं. "मुकुटबनला मी परवा जाऊन आलो. तिथेही असेच निघाले होते. मी बस चुकवणार नाही, अध्यक्षमहाराज. सभा सुरू करा, नाहीतर मला निघू द्या."

पंजाबरावांच्या डोळ्यांपुढे ओट्यावर बसलेली म्हातारी आली. त्यांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर एक कुत्रं होतं. दुसरं काही सुचेना, तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी घंटा उचलली आणि जीव खाऊन वाजवली. एकदा, दोनदा, तीनदा.

त्याच वेळी गायकी ढोरं घेऊन नाल्यातून वर येत होता.

आधी धूळ दिसली. मग खुरांचा आवाज आला. साहेब छत्री टेकून उभे राहिले. शाळेच्या फाटकातून पहिली मैना आत शिरली, मान वर, शेपूट ताठ, उशीर झाला म्हणून घाई केल्यासारखी. आणि तिच्या मागे अख्ख्या गल्लीच्या म्हशी. त्या पडवीपुढे आल्या आणि रोजच्यासारख्या दाटीवाटीने उभ्या राहिल्या. मैना थेट पायरी चढून टेबलाशी आली आणि पंजाबरावांकडे बघू लागली. बाकीच्याही बघू लागल्या.

लखीराम नाईक भिंतीला धरून खाली बसले आणि पोट दाबून हसू लागले. "आजा म्हणे, ढोरं घंटेच्या मांगं," एवढंच त्यांना बोलता आलं.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

पंजाबरावांना उत्तर सुचायच्या आत म्हशींच्या मागून माणसं आली. आपली म्हैस गोठ्यात न येता शाळेकडे उधळली हे पाहून जो तो हातातलं काम टाकून धावला होता. वच्छलाबाई पिठाच्या हातांनी आल्या. एक जण धोतर सावरत आला. एक जण न्हाव्यासमोरून अर्धी दाढी करून तसाच उठून आला. श्रावण मास्तरांनी हे पाहिलं आणि क्षणभरच विचार केला. मग खिशातून पेन काढलं.

"वच्छलाबाई. हजर?"

"हजर कायची? मास्तर, आधी माही म्हैस..."

"हजर. बसा. पूनमसिंग?"

"मास्तर, हे माही काळी कोणं इकडं हाकलली?"

"हजर. बसा खाली."

असे एकेक जण म्हैस शोधायला आले आणि हजर होऊन बसले. मास्तर मोजत होते. नऊ. दहा. मग धूळ खाली बसली आणि रस्ता मोकळा झाला. गल्लीतल्या म्हशी संपल्या होत्या. पंजाबरावांनी देवाचं नाव घेतलं. तेवढ्यात फाटकातून हातात वस्तरा घेतलेला न्हावी धापा टाकत आला. त्याच्याकडे म्हैस नव्हती, पण त्याचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी पळालं होतं. तोही सभासद होता.

"हजर," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी पेन खिशात ठेवलं. "साहेब, अकरा. गणपूर्ती झाली."

साहेबांना ते पटलं नाही. "ही सभा आहे की ढोरबाजार? ही माणसं म्हशींच्या मागून आली आहेत."

"सभासद हजर असावा, एवढा नियम आहे," मास्तर म्हणाले. "कोणाच्या मागून यावं, ते दिलेलं नाही."

साहेबांनी छत्री मात्र हातातच ठेवली. पंजाबरावांना कळलं, आता भाषणच काय ते वाचवील. ते उभे राहिले, घसा साफ केला. "सन्माननीय निरीक्षकसाहेब आणि सेवाव्रती बंधुभगिनींनो..." आणि नेमक्या त्याच वेळी फाटकात तुळसाबाई दिसल्या. एका हातात मैनेचं रिकामं दावं, दुसऱ्या हाताला आई. तुळसाबाईंनी सगळ्या म्हशींकडे पाहिलं. म्हशी नवऱ्याकडे कान लावून उभ्या होत्या. मग वच्छलाबाईंच्या म्हशीच्या टम्म भरलेल्या कासेकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. सरकी कुठे गेली, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

पंजाबराव पुढचं सगळं विसरले.

"सेवा हा," फाटकातून मथुराबाईंनी सांगितलं.

"सेवा हा..." पंजाबराव म्हणाले.

"सेवा हा माणसाचा खरा दागिना हाय. मंग पाणपोईचं हाय. मंग नाल्याचं."

सभासद हसायला लागले. मैनेला मात्र सगळं सहन होत होतं, एक सोडून. घंटा झाली, भाषण सुरू झालं, आणि सरकीचा पत्ता नव्हता. तिने टेबलावर इकडेतिकडे नाक फिरवलं, साहेबांसाठी आणलेला झेंडूचा हार तोंडात धरला आणि सावकाश खायला सुरुवात केली. अर्धा हार तोंडात, अर्धा गळ्यावर.

मथुराबाई लेकीचा हात सोडून अंदाजाने पुढे आल्या. साहेबांनी काळा कोट घातला आहे, एवढं तुळसाबाईंनी फाटकात सांगितलं होतं. समोर काहीतरी मोठं आणि काळं दिसत होतं. म्हातारीने हात पुढे केला, हाताला हार लागला, तेव्हा खात्री पटली. तिने दोन्ही हात जोडले.

"साहेब, तुमी मोठी माणसं," ती मैनेला म्हणाली. "माह्या जवायाच्या हातून काही चुकलं असीन तं माफ करा. त्याचं मन लय चांगलं हाय. रोज कोठ्यात उभा राहून तुमच्यासाठी पाठ करते बिचारा. शिबीर इथंच ठेवा. मले तुळशीचं तोंड पाहू द्या, मंग कोठीबी न्या."

मैना रवंथ करत ऐकत होती. कोणी हसलं नाही. लखीरामही उठून उभे राहिले. तुळसाबाईंनी पदर तोंडाला लावला. पंजाबरावांना वाटलं, पडवी दुभंगून आपण खाली गेलो तर बरं. आणि त्याच वेळी आपल्याला कोणी इतकं चांगलं म्हटलं, याने त्यांचे डोळेही भरून आले.

साहेबांनी छत्री भिंतीला टेकवली. ते पुढे झाले, म्हातारीचे जोडलेले हात मैनेसमोरून हलकेच आपल्याकडे वळवले आणि म्हणाले, "आजी, साहेब इकडे आहे. शिबीर ढाणकीलाच."

"असं का?" मथुराबाई म्हणाल्या. "मंग मी बोलली ते कोण?"

"उपाध्यक्ष," लखीराम म्हणाले.

मग जे हसू फुटलं त्यात साहेबही सापडले. डोळे पुसत त्यांनी मास्तरांना सांगितलं, "मुकुटबनला माणसं नव्हती हो, आणि म्हशीही नव्हत्या." त्यांची बस त्या दिवशी चुकली. रात्री पंजाबरावांकडे जेवताना त्यांनी दुसऱ्यांदा दही मागून घेतलं आणि उपाध्यक्षांची प्रकृती विचारली.

जानेवारीत शिबीर झालं. ढाणकीच्या माणसांनी ते असं केलं, की नागपूरचे डॉक्टर पुढच्या वर्षी इथेच येऊ म्हणाले. शाळेच्या वर्गांत ओळीने खाटा, डोळ्यांवर हिरव्या पट्ट्या बांधलेली माणसं, त्यांना दूध गल्लीतल्या म्हशींचं. अर्ध्या दाढीच्या सभासदाने रात्री पाय चेपून दिले, वच्छलाबाईंनी भाकरी भाजल्या, तांड्यावरून लखीरामांच्या घरच्या बायका डाळ घेऊन आल्या, आणि पंजाबरावांनी मनापासून धावपळ केली, सगळ्यांच्या आणि स्वतःच्याही पायात येत. पट्टी सुटली तेव्हा मथुराबाईंनी आधी लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. "म्हातारी झाली व तू," त्या म्हणाल्या, आणि दोघी हसत हसत रडल्या.

मंडळाची पुढची सभा रीतसर झाली. श्रावण मास्तरांनी ठराव मांडला, की यापुढे घंटा तुळसाबाईंकडे राहावी, सरकी त्यांच्याच हातात असावी, आणि म्हशी सुटतील त्या वेळी सभा भरावी. ठराव एकमताने मंजूर झाला. पंजाबरावांचं अध्यक्षपद कायम राहिलं. ते त्या सभेला हजर होते, पण त्यांना कोणी विचारलं नाही. मैनेचा काढा बंद झाला.

पट्टी सुटून आठवडा झाला असेल. संध्याकाळी मथुराबाई ओट्यावर बसून, चष्मा लावून, सगळं जग नव्याने बघत होत्या. तुळसाबाईंनी गोठ्यात सरकी ओतली, चहाचं आधण उतरवलं आणि दारात येऊन घंटा वाजवली. नाल्याकडून मैना धावत आली. त्याच वेळी जिनिंगकडून, धोतराचा सोगा हातात धरून, चहा निवेल म्हणून, पंजाबरावही धावत आले. दोघं फाटकाशी एकदमच पोचले. मैना आधी आत शिरली.

मथुराबाईंनी दोघांना नीट, डोळे भरून पाहिलं.

"म्हैस तं चांगली भरली व तुळसे," त्या म्हणाल्या. "थोडी सरकी जवायालेबी घालत जाय."